नमुना तोच, मर्यादा निराळ्या

डिसेंबर २०१८. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा उपांत्य सामना तोंडावर आला असताना क्लेमसन विद्यापीठाचे तीन खेळाडू उत्तेजक चाचणीत सापडले. तिघांच्याही लघवीच्या नमुन्यात ऑस्टारिन हा स्नायू वाढवणारा, बंदी असलेला पदार्थ मिळाला. ते बाहेर बसले, क्लेमसनने सामना ३०-३ असा जिंकला आणि पुढे विजेतेपदही पटकावलं. अशा वेळी विरोधी चाहते ‘सगळा संघच औषधांवर पोसलेला’ म्हणतात आणि घरचे चाहते ‘आमच्या पोरांना विनाकारण अडकवलं’ म्हणतात. दोघांनाही वाटतं, नियम आपल्याला एक आणि दुसऱ्याला एक.

ऑस्टारिन स्नायू आणि हाडांमधल्या अँड्रोजन रिसेप्टरवर, म्हणजे पुरुषी संप्रेरकं जिथे चिकटतात त्या जागांवर, काम करतं. आजारपणात झडणारे स्नायू टिकावेत म्हणून त्यावर संशोधन झालं, पण अमेरिकेत औषध म्हणून त्याला मान्यता मिळालेली नाही. तरी ते ऑनलाइन विकलं जातं. ऑस्टारिनसारखंच काम करणारी औषधं म्हणून विकली जाणारी ४४ उत्पादनं संशोधकांनी तपासली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जेमतेम निम्म्या उत्पादनांत खरोखर ती औषधं होती, आणि चौथ्या हिश्श्यात लेबलवर न छापलेले पदार्थ होते. त्यामुळे ‘सप्लिमेंटमध्ये भेसळ असावी’ हा बचाव दरवेळी थाप म्हणून उडवून लावता येत नाही. क्लेमसनच्या बाजूनेही हीच शक्यता मांडली गेली होती. अपील मात्र फेटाळलं गेलं.

खरी अडचण यंत्राच्या ताकदीत आहे. मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंचे तुकडे करून त्यांच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखतो, आणि मिलिलीटरमागे एका नॅनोग्रॅमहूनही कमी, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहून कमी अंश पकडतो. पण सापडलेला कण परवा भेसळीतून पोटात गेला की महिन्यापूर्वी मुद्दाम घेतलेल्या मोठ्या डोसची ती शेपटी आहे, हे एकट्या आकड्यावरून कळत नाही. चाहते नेमकं तेच त्या आकड्याला विचारतात.

मर्यादा कुठे आखायची, हे शेवटी माणसंच ठरवतात. गांजाचं बघा. त्याचा अंश चरबीत साठतो आणि नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत कित्येक दिवस, कधी आठवडेही सापडतो. नशा केव्हाच उतरलेली असते. उत्तेजकांवर लक्ष ठेवणारी जागतिक संस्था वाडा हिने २०१३ मध्ये त्याची मर्यादा मिलिलीटरमागे १५ वरून १५० नॅनोग्रॅम केली. अमेरिकी कॉलेज क्रीडेची संस्था एनसीएए मात्र बराच काळ खालीच राहिली, २०२२ मध्ये ३५ वरून १५० वर आली. म्हणजे त्याआधी कित्येक वर्षं १०० नॅनोग्रॅमचा नमुना ऑलिम्पिकमध्ये पास आणि कॉलेजच्या स्पर्धेत नापास! पुढे जून २०२४ मध्ये एनसीएएच्या पहिल्या श्रेणीने, म्हणजे तिच्या सर्वात वरच्या गटाने, आपल्या अजिंक्यपद स्पर्धांसाठी गांजा यादीतूनच काढला. कॅफिनचं उलट: वाडाने २००४ मध्येच बंदी उठवली, एनसीएएने मात्र मिलिलीटरमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा ठेवली.

तेव्हा विसंगतीची तक्रार खोटी नाही. पण ती कधी आठवते, हेही पाहायला हवं. १९५१ मध्ये डार्टमथ आणि प्रिन्स्टन या कॉलेजांचा फुटबॉल सामना फार धसमुसळा झाला. प्रिन्स्टनच्या हुकमी खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय. मानसशास्त्रज्ञ हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल यांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाचे सरासरी ४.३ दिसले, प्रिन्स्टनच्या मुलांना त्याच संघाचे ९.८. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! फिल्म बघतानाच ही गत, तर बंद खोलीत झालेल्या चाचणीबद्दल काय बोलावं?

मला स्वतःला एनसीएएचा कडकपणा खटकत नाही, कारणं न सांगणं खटकतं. मर्यादा कशाच्या आधारे ठरवली, हे तिने साध्या भाषेत सांगायला हवं. भेसळीची शक्यता मान्य करूनही नियम चालवता येतो. काही मूत्रवर्धक औषधांचे अंश दुसऱ्या गोळ्यांत मिसळलेले सापडू लागले, तेव्हा वाडाने २०२१ मध्ये त्यांच्यासाठी मिलिलीटरमागे २० नॅनोग्रॅमची किमान पातळी ठरवली. त्याखालचा अंश आपोआप दोष धरला जात नाही. विशीतल्या पोराचं अख्खं वर्ष बंदीत जाणार असेल, तर एवढा विचार कॉलेजच्या खेळाडूंच्याही वाट्याला यायला हवा.