आयर्न शेखच्या बुटांची चोच कुठून आली?

२६ डिसेंबर १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अमेरिकन व्यावसायिक कुस्तीतला खलनायक आयर्न शेख याने विजेत्या बॉब बॅकलंडला कॅमल क्लचमध्ये जखडलं. पालथ्या पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर बसायचं, हनुवटीखाली हात गुंफायचे आणि मान मागे ओढायची, असा तो डाव. बॅकलंडच्या व्यवस्थापकाने रिंगमध्ये टॉवेल फेकला आणि जवळजवळ सहा वर्षं सांभाळलेला डब्ल्यूडब्ल्यूएफच्या अजिंक्यपदाचा पट्टा गेला. त्या काळातले शेखचे फोटो पाहिले की तुळतुळीत डोकं आणि पिळदार मिशा दिसतात, पण नजर खिळते ती बुटांवर. त्यांची टोकं चोचीसारखी वर वळलेली असत.

या चोचीला खेळातही काम होतं. शेख मध्येच बुटाचं टोक रिंगच्या जमिनीवर ठोकायचा, जणू आत दडवलेला लोखंडाचा तुकडा पुढे सरकवतोय, आणि मग लाथ घालायचा. बूट ‘लोडेड’ आहे, हे प्रेक्षकांना कळायचं, पंचाला मात्र कळायचं नाही. व्यावसायिक कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असतो. त्यामुळे खलनायक कोण, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पाहताक्षणी समजावं लागतं, आणि बुटाने ते काम चोख केलं.

पण ज्या पायांत हे बूट होते, ते अस्सल पैलवानाचे होते. आयर्न शेखचं खरं नाव हुसेन खोसरो अली वझीरी. त्यांचा जन्म १९४२चा, इराणमधल्या दमगानचा. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं सुवर्णपदक मिळवणारे गुलामरझा तख्ती हे त्यांचं दैवत. तख्ती १९६८मध्ये वारले. त्यानंतर वझीरी अमेरिकेत आले, १९७१मध्ये एएयू या तिथल्या हौशी खेळाडूंच्या संघटनेची ग्रीको-रोमन कुस्तीची स्पर्धा जिंकली आणि १९७२च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकन संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. पुढे मिनेसोटात व्हर्न गॅन्या यांच्याकडे ते व्यावसायिक कुस्ती शिकले. डोकं भादरणं, मिशा, चोचदार बूट हा सगळा अवतार त्यानंतरचा.

इराणमध्ये कुणी असले बूट घालून कुस्ती खेळत नाही. तिथली परंपरा झूरखान्याची, म्हणजे तिथल्या तालमीची. जमिनीत खोल घेतलेल्या हौद्यात उतरून जड लाकडी मील फिरवायच्या, तेही बहुधा अनवाणी. आपल्या तालमीतली जोडी फिरवणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही. ‘कुस्ती’ आणि ‘पैलवान’ हे दोन्ही शब्द आपल्याकडे फारसीतूनच आले आहेत. वझीरी या मील रिंगमध्येही घेऊन येत आणि समोरच्याला फिरवून दाखवायचं आव्हान देत. माझ्या मते त्यांच्या साऱ्या वेषात खरोखर इराणचं असं तेवढंच होतं.

मग बूट आले कुठून? वझीरींच्या आधी एक शेख होऊन गेला होता. तो फक्त ‘द शेख’ म्हणून ओळखला जायचा. खरं नाव एडवर्ड फरहात, जन्म १९२६, मिशिगनमधल्या लान्सिंगचा. घराणं लेबनॉनहून आलेलं, पण हा गडी पक्का अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेला. रिंगमध्ये मात्र तो इंग्रजीचा एक शब्द उच्चारत नसे. डोक्याला अरबी रुमाल, सामन्याआधी अंथरलेला गालिचा, प्रतिस्पर्ध्याला टोचायला लपवलेली पेन्सिल, हातातून उडणारा आगीचा लोळ आणि पायात टोक वळलेले बूट. डेट्रॉईटचं कोबो हॉल त्याने वर्षानुवर्षं भरवलं. कॅमल क्लचही त्याचाच ठेवणीतला डाव. वझीरींच्या आयर्न शेखचा साचा त्याच्यावरूनच घेतला होता.

फरहातलाही हा शेख आयता मिळाला होता. १९२१मध्ये रुडॉल्फ व्हॅलेंटिनोच्या ‘द शेख’ या मूकपटाने अमेरिकेला वेड लावलं होतं, त्याच वर्षी ‘द शेख ऑफ अॅरेबी’ हे गाणंही गाजलं. नाटक-सिनेमाच्या वेशभूषेत तोवर अख्खा पूर्वेकडचा मुलूख एकाच पेटाऱ्यात कोंबला गेला होता. अरबाचा रुमाल, तुर्काची सुरवार आणि टोक वळलेला जोडा, सगळं एकाच अंगावर. वाळवंटातला अरब शेख खरं तर चपला घालतो. अरबी सुरस कथांच्या चित्रांतला अल्लाउद्दीन आठवा, त्याच्या पायातही तोच जोडा सापडेल.

तसा वळलेल्या टोकाचा जोडा खरा आहे आणि फार जुना आहे. तुर्कस्तानात याझिलिकाया इथे सुमारे १३व्या शतकात (इसवी सनापूर्वी) कोरलेल्या, हित्ती या प्राचीन लोकांच्या देवांच्या पायांत तो दिसतो. राजस्थानची मोजडी आणि पंजाबची जुत्ती आपण आजही लग्नात घालतो. तो चालण्याचा, मिरवण्याचा जोडा आहे. त्याने झोंबी घेता येत नाही. १८९८मध्ये ‘टेरिबल टर्क’ म्हणून अमेरिका गाजवणारा युसुफ इस्माइल ज्या मातीतून आला, त्या तुर्की तेलकुस्तीत पैलवान अंगाला तेल चोपडून, कातड्याची विजार घालून अनवाणी उतरतात. कुस्तीच्या बुटाला चोच लावली ती अमेरिकन रिंगने.

वझीरींच्या पायांत ती इतकी ठसठशीत दिसली, याला काळही कारणीभूत होता. तेहरानमध्ये अमेरिकन ओलिसांना ४४४ दिवस डांबून ठेवल्याची घटना तेव्हा ताजी होती, त्यामुळे इराणचं नाव काढताच हॉल पेटायचा. पट्टा त्यांच्याकडे चारच आठवडे राहिला. २३ जानेवारी १९८४ रोजी त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हल्क होगनने तो जिंकला. १९९१मध्ये आखाती युद्ध झालं, तेव्हा याच वझीरींना कर्नल मुस्तफा नावाचा इराकी करून उभं केलं गेलं. इराण आणि इराक आठ वर्षं एकमेकांचं रक्त सांडून जेमतेम तीन वर्षं झाली होती. अमेरिकन प्रेक्षकाला दोन्ही सारखेच, म्हणून दमगानच्या पैलवानाला इराकी गणवेश चढवला गेला.