स्टिअरिंग तेच, रस्ता दुसरा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात सध्या नाणं टाकून गाडी चालवायचं, दोन सीटचं एक जुनं आर्केड मशीन उघडं पडलंय. मागचं दार काढलेलं, वायरींचे जुडगे कागदी चिठ्ठ्या लावून बाजूला बांधलेले. मशीन ‘डेटोना यूएसए’चं आहे. आम्ही तिघं मित्र त्यात ‘सेगा रॅली’ हा दुसरा गाड्यांचा खेळही चालावा म्हणून खटपट करतोय, आणि मूळ खेळाला धक्का लावायचा नाही हे पहिल्याच दिवशी ठरलंय. बघायला येणारा जवळपास प्रत्येक जण विचारतो, ‘दुसरा बोर्ड, म्हणजे दुसऱ्या खेळाचं सर्किट, लावला की झालं ना?’ झालं असतं, तर ही पार्श्वभूमी लिहायची वेळच आली नसती.

सुरुवात १९७४पासून करावी लागते. अटारी या अमेरिकी कंपनीचा ‘ग्रॅन ट्रॅक १०’ त्या वर्षी आला. स्टिअरिंग, गिअर आणि पायाखाली पेडल असलेला हा पहिला आर्केड व्हिडिओ गेम. त्यात प्रोसेसर नव्हता. ट्रॅकचं चित्र तेवढं रॉम चिपमध्ये, म्हणजे कायमचं साठवून ठेवणाऱ्या चिपमध्ये, होतं; बाकी सगळा खेळ सर्किटातच. जपानी कंपनी सेगाचा ‘मोनॅको जीपी’ १९७९चा, तोही प्रोसेसरविनाच चालायचा. या काळात खेळ बदलणं ही कल्पनाच कुणाला सुचण्यासारखी नव्हती, कारण खेळ आणि सर्किट एकच. दुसरा खेळ हवा तर दुसरं मशीन आणा.

चित्र पालटलं ते १९८२मध्ये, जपानच्याच नामको कंपनीच्या ‘पोल पोझिशन’नं. अमेरिकेत तो अटारीनं विकला. आत दोन १६-बिट प्रोसेसर, जोडीला झेड-८० हा ८-बिट प्रोसेसर, आणि खेळ साठवलेला रॉम चिपमध्ये. म्हणजे चिपा बदलल्या की रस्ता बदलला. पुढच्याच वर्षी ‘पोल पोझिशन २’ आला. मूळ खेळातल्या फुजीच्या ट्रॅकसोबत त्यात तीन नवे ट्रॅक होते, त्यातला एक सुझुका. ज्यांच्याकडे आधीचं मशीन होतं त्यांच्यासाठी तो किट, म्हणजे फक्त बदलायच्या भागांचा संच, म्हणूनही मिळायचा. खेळ बदलण्याची पद्धत हौशी लोकांनी काढली असं अनेकांना वाटतं. ती कंपन्यांनीच काढली. मशीनचा मालक नव्या मशीनएवढी रक्कम पुन्हा घालायला तयार नसतो आणि पोरं मात्र दोन-तीन महिन्यांत कंटाळतात, या अडचणीवरचा तो धंद्याचा तोडगा होता.

जॉयस्टिकच्या मशीनला हा तोडगा फार सोपा पडला. जपानमधल्या आर्केड उत्पादकांच्या संघटनेनं १९८५मध्ये ‘जामा’ हे मानक ठरवलं. बोर्डाच्या कडेला ५६ पिना, आणि कोणती पिन कशासाठी हे पक्कं. वीज, चित्र, आवाज, नाणं, दोन जॉयस्टिक आणि त्यांची बटणं, सगळं त्या एका पट्टीत. एक बोर्ड उपसायचा, दुसरा खुपसायचा. आपल्याकडच्या पार्लरमध्ये संध्याकाळी एक खेळ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खोक्यात दुसरा, हे शक्य झालं ते या ५६ पिनांमुळे.

त्या पट्टीत स्टिअरिंगला मात्र जागा नव्हती. जामाच्या पिनांना ‘दाबलंय’ किंवा ‘दाबलेलं नाही’ एवढंच कळतं. स्टिअरिंग किती वळलंय, पाय किती खोल गेलाय, हे सांगायची सोय त्यात नाही. गाडीची मशीनं या सोपेपणातून वगळली गेली आणि आजच्या सगळ्या खटपटीचं मूळ तिथेच आहे.

इथे थोडं थांबतो, कारण हा भाग समजला की बाकीचं आपोआप समजतं. स्टिअरिंगची दोन घराणी आहेत. पहिल्यात दांड्याला खाचांची चकती असते आणि प्रकाशाचा सेन्सर त्या खाचा मोजतो. हे चाक गोल गोल कितीही फिरतं. ते फक्त ‘इतकं डावीकडे सरकलो’ एवढंच सांगतं, सरळ कुठे आहे ते त्याला ठाऊक नसतं. ‘पोल पोझिशन’ या घराण्यातला. दुसऱ्या घराण्यात दांड्याला पोटेन्शिओमीटर, आपल्या मेकॅनिकांच्या भाषेत ‘पॉट’, जोडलेला असतो. रेडिओचा आवाज कमीजास्त करायचं बटण असतं तोच हा भाग. चाक दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर अडतं, आणि मधली प्रत्येक जागा व्होल्टेजच्या रूपात बोर्डाला कळते. बोर्ड त्या व्होल्टेजचा आकडा करतो, साधारणपणे ० ते २५५. चाक सरळ असेल तर आकडा १२८च्या आसपास. ‘आउट रन’ या घराण्यातला, ‘डेटोना’ही याच. एका घराण्याचा खेळ दुसऱ्याच्या खोक्यात टाकला तर गाडी एक तर भिंतीला चिकटून राहते, नाहीतर हात सोडला तरी वळतच राहते. ज्याला फक्त बोर्ड दिसतो त्याला हे कळत नाही. ज्यानं एकदा चाक हातात धरलंय त्याला पहिल्याच वळणावर कळतं.

सेगाचा ‘आउट रन’ १९८६चा, यू सुझुकी यांनी घडवलेला. ‘६८०००’ नावाचे दोन प्रोसेसर, लाल फेरारी टेस्टारोसा गाडी, आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी दुभंगणारा रस्ता. १९८९मध्ये ‘टर्बो आउट रन’ आला आणि तो जुन्या ‘आउट रन’च्या मशीनसाठी किट म्हणूनही विकला गेला. स्टिअरिंग तेच, पेडल तीच, गिअरही दोनच. एकच नवी गोष्ट, गिअरच्या मुठीवर टर्बोचं बटण.

नौपाड्यात स्टेशनकडे जाणाऱ्या एका गल्लीत आमच्या लहानपणी जे पार्लर होतं तिथे हा खेळ होता. मुठीवर बटण नव्हतं. किटमधली मूठ आलीच नव्हती की वाटेत कुठे राहिली, कोण जाणे. तिथल्या काकांनी गिअरच्या शेजारी लाकडाला भोक पाडून घराच्या दारावरच्या बेलचं पांढरं बटण बसवलं होतं. टर्बो मारायचा तर गिअरवरचा हात उचलून बेल दाबावी लागे. मी कित्येक मे महिन्यांच्या सुट्ट्या ती बेल दाबण्यात घालवल्या आणि मूळ खेळ असाच असतो असं समजत राहिलो. बऱ्याच वर्षांनी खऱ्या मुठीचं चित्र पाहिलं तेव्हा काकांबद्दल आदर वाटला आणि त्या मशीनबद्दल हळहळ. ते आज कुठेही नाही.

‘टर्बो आउट रन’च्या बोर्डावर आणखी एक गोष्ट दडलेली होती, आणि ती पार्लरवाल्यांच्या लक्षात यायला उशीर झाला. त्याचा मुख्य प्रोसेसर सेगानं सांकेतिक केला होता. खेळ उलगडायची किल्ली प्रोसेसरच्या आतल्या मेमरीत होती आणि ती मेमरी एका छोट्या बॅटरीवर तग धरून होती. बॅटरी संपली की किल्ली पुसली गेली, बोर्ड मुका झाला. चोरी रोखायला केलेली ही व्यवस्था प्रामाणिकपणे विकत घेतलेल्या बोर्डांनाही दहा-वीस वर्षांनी मारत गेली. मला हे आजही चुकीचं वाटतं. पुढे एमुलेशनवर, म्हणजे जुन्या बोर्डाची संगणकावर नक्कल करण्यावर, काम करणाऱ्यांनी ती किल्ली शोधून काढली, आणि आता साधा ६८००० व नव्या रॉम चिपा बसवून असे बोर्ड परत उभे करता येतात.

त्याच १९८९मध्ये अटारी गेम्सनं ‘हार्ड ड्रायव्हिन’ काढला. खऱ्या गाडीसारखी चावी, क्लच, चार गिअर, आणि हाताला ओढ जाणवेल असं स्टिअरिंग. पुढच्या वर्षीचा ‘रेस ड्रायव्हिन’ याच मशीनसाठी किट म्हणून मिळाला. खोकं इतकं खास होतं की दुसऱ्या कुठल्याच खेळाला त्यात बसवणं सोपं नव्हतं. भावंडालाच ते अंगाला आलं. नव्वदच्या दशकात मिडवेचे ‘क्रूझन यूएसए’ आणि ‘क्रूझन वर्ल्ड’ एकाच जातीच्या हार्डवेअरवर निघाले. ‘सॅन फ्रान्सिस्को रश’ १९९६मध्ये चक्क हार्ड डिस्क घेऊन आला, आणि खेळ बदलणं म्हणजे चिप बदलणं ही समजूत तिथून सैल झाली.

आता आमच्या गाळ्यातल्या मशीनकडे. ‘डेटोना यूएसए’ १९९४मध्ये जगभर पोचला. सेगाच्या मॉडेल २ बोर्डावरचा हा खेळ. त्रिमितीचं तंत्र लष्करी सिम्युलेटर बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या मदतीनं उभं राहिलेलं. दोन सीटच्या मशीनमध्ये दोन स्वतंत्र बोर्ड असतात आणि ते प्रकाशाच्या केबलनं एकमेकांशी बोलतात. अशी चार मशीनं जोडली की आठ जण एकत्र धावतात. ‘सेगा रॅली’ त्याच मॉडेल २ घराण्यातला, पण पुढच्या पिढीच्या बोर्डावर. दोन्हीकडे पॉटचं स्टिअरिंग, दोन्हीकडे चार गिअर. कागदावर जोडी छान जुळते.

प्रत्यक्षात तीन ठिकाणी अडतं. पहिलं, बटणं. डेटोनाला कॅमेरा बदलायची चार रंगीत बटणं आहेत, रॅलीला एकच. हे किरकोळ. दुसरं, स्टिअरिंगमागची मोटार. वळणावर हाताला झटका देते ती मोटार एका वेगळ्या ड्राइव्ह बोर्डावर चालते. खेळाकडून येणारी आज्ञा त्या बोर्डाला समजली नाही तर चाक निर्जीव लागतं किंवा नको तिथे ओढतं. रॅलीचा तर जीवच त्यात आहे. खडीवर गाडीची मागची बाजू सुटते ती आधी तळव्याला कळते, मग डोळ्याला. झटक्याविना रॅली चालवायची असेल तर घरी बसून चालवावी. तिसरं, पडदा. जुन्या खेळांचं चित्र साध्या टीव्हीसारखं, १५ किलोहर्ट्झच्या आसपासचं. मॉडेल २चं २४ किलोहर्ट्झ. या दोघांत ते जुळतं, म्हणून आम्ही सुटलो. पण याच मशीनमध्ये कुणाला ‘आउट रन’ चालवायचा झाला तर पिक्चर ट्यूब दोन्ही वेगांवर चालणारी हवी किंवा मधे सिग्नल बदलणारं सर्किट.

या सगळ्याला आपल्याकडे आणखी एक थर चढतो. अमेरिकेतून आलेलं खोकं १२० व्होल्टचं, जपानमधलं १०० व्होल्टचं, आणि आपल्या भिंतीत २३०. चिठ्ठी न वाचता प्लग लावल्यामुळे जळालेले पॉवर सप्लाय मी स्वतः पाहिलेत. मग हवा. वाशी-नेरुळकडे खाडीचं वारं, ठाण्यात चार महिने पाऊस. बोर्डाच्या कडेच्या पिना हिरवट पडतात, पॉटच्या आतली कार्बनची पट्टी खडबडीत होते, आणि सरळ रस्त्यावर गाडी थरथरायला लागते. मेकॅनिकला दोष बोर्डात दिसतो. बोर्ड बदलला जातो, पॉट तसाच राहतो.

पार्लरच्या काळात मूळ सुटे भाग मिळणं कठीण होतं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जे मिळे त्यावर काम भागवायचं. म्हणून अनेक गाड्यांच्या मशीनमधलं स्टिअरिंगच शेवटी काढलं गेलं. फळीला जॉयस्टिक ठोकली, जामाची वायरिंग ओढली आणि फायटिंगचा खेळ सुरू केला. पोट भरायचं होतं, त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. तरी गिअरच्या जागी ठोकलेला पत्रा आणि पेडलच्या जागी उरलेली दोन भोकं पाहिली की पोटात कालवतं.

जामाची उणीव जपानमधल्या त्याच संघटनेनं नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात भरून काढली. जेव्हीएस या नव्या मानकात स्टिअरिंग-पेडलचे आकडे एका केबलमधून बोर्डाकडे जाऊ लागले. सेगाचा १९९८चा नाओमी बोर्ड ते वापरतो. पुढे बोर्डाऐवजी चक्क पीसीच आला. तोवर आपल्याकडे पार्लर मागे पडून मॉल उभे राहत होते: वाशीत २००८मध्ये इनऑर्बिट, ठाण्यात २००९मध्ये कोरम, २०१३मध्ये विवियाना. ज्या पिढीनं गाडीचं मशीन मॉलमध्येच पहिल्यांदा पाहिलं तिला पार्लरमधली खोकी भंगारात कधी गेली ते कळलंही नसेल.

त्या खोक्यांना परत जीव मिळाला तो एमुलेटरमुळे. मेम हा प्रकल्प निकोला साल्मोरिया यांनी १९९७च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केला. सेगाच्या पुढच्या मॉडेल ३ बोर्डावरच्या खेळांसाठी ‘सुपरमॉडेल’ आला. ‘आउट रन’ तर ख्रिस व्हाइट यांनी मूळ कोड उलगडून ‘कॅननबॉल’ नावानं नव्यानं लिहिला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. पॉटची तीन टोकं आर्डुइनो या छोट्या, हवा तसा प्रोग्रॅम घालता येणाऱ्या बोर्डाला जोडली की तीस वर्षांचं स्टिअरिंग पीसीला जॉयस्टिकसारखं दिसतं. एका चाकामागे वीस खेळ ठेवता येतात.

आम्ही वीस ठेवणार नाही. चाकाचा फिरण्याचा कोन, चार गिअर, झटक्याची मोटार, हे ज्या खेळांशी खरंच जुळतं तेवढेच. मूळ मशीनमध्ये एकही वायर कापायची नाही, एकही नवं भोक पाडायचं नाही. पॉटच्या वायरी मूळ प्लगच्या मधे बसणाऱ्या जोडणीतून दोन वाटांना जातात, आणि एका स्विचनं ठरतं की आकडे डेटोनाकडे जाणार की दुसरीकडे.

उजव्या सीटचं काम झालंय. डाव्या सीटचं चाक सरळ धरलं की टेस्टच्या पडद्यावर आकडा १२८ऐवजी १२१ आणि १३६च्या मधे नाचतो. पॉट उघडला तेव्हा मधली पट्टी, जिथे चाक सगळ्यात जास्त वेळ असतं तिथेच, घासून चकचकीत झालेली दिसली. कुणी कुणी ती घासली असेल, कुठल्या शहरात, ते आता कळणार नाही. नवा ५ किलोओहमचा पॉट मागवलाय. जुना फेकलेला नाही, डबीत घालून मशीनच्या तळाशी ठेवलाय, तारीख लिहून.