बरं वाटणं आणि बरं होणं

‘त्या डॉक्टरांचा हातगुण चांगला’ असं आपण म्हणतो तेव्हा औषधाबद्दल बोलत नसतो. तीच गोळी, तेवढ्याच वेळा, दुसऱ्याने दिली तर गुण येणार नाही अशी बोलणाऱ्याची खात्री असते. या खात्रीचा आजारावर परिणाम होतो का आणि होत असेल तर नेमका कशावर, हा प्रश्न फार जुना. तो मोजून पाहायची रीत मात्र जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे वर्षांची. हा इतिहास वाचताना एक भेद हाताशी ठेवावा लागतो आणि मराठीत तो आयता आहे: बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं.

चरकसंहितेत उपचारांचे तीन प्रकार आहेत. मंत्र, मणी, होम हे दैवव्यपाश्रय; आहार आणि औषध हे युक्तिव्यपाश्रय; आणि मनाला अहितकर विषयांपासून आवरणं हा सत्त्वावजय. रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषाद अग्रभागी, असंही सूत्रस्थानात सांगितलं आहे. निरीक्षण बारीक आहे. पण रोगी बरा झाला तर त्यात मनाचा वाटा किती आणि काढ्याचा किती, हे वेगळं काढण्याची युक्ती तिथे नाही. तेव्हा ती कुठेच नव्हती.

ती सापडली पॅरिसमध्ये, 1784 साली. फ्रान्झ मेस्मर नावाचा डॉक्टर सहा वर्षांपूर्वी तिथे आला होता. शरीरातून वाहणाऱ्या एका अदृश्य ‘प्राणिज चुंबकत्वा’ने रोग बरे होतात, असा त्याचा दावा. ओकच्या लाकडाचं मोठं पिंप, आत पाण्याच्या बाटल्या आणि लोखंडाचा कीस, झाकणातून वर आलेल्या सळया. रोगी सळई दुखऱ्या जागेला टेकवून भोवती बसत आणि एकाला झटके आले की पाठोपाठ इतरांनाही येत. फ्रान्सचा राजा सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, खगोलशास्त्रज्ञ बायी आणि डॉक्टर गियोतँ असे लोक होते. (पुढे क्रांतीत लाव्हाझिए आणि बायी यांची डोकी याच गियोतँच्या नावाच्या यंत्राने उडाली.) मेस्मर स्वतः समितीपुढे आलाच नाही, त्याचा शिष्य देलाँ आला.

फ्रँकलिनच्या, पॅरिसजवळच्या पासी इथल्या बागेत देलाँने जर्दाळूचं एक झाड ‘चुंबकित’ केलं. डोळे बांधलेला बारा वर्षांचा एक मुलगा आणला. देलाँनेच निवडलेला, चुंबकत्व चटकन जाणवणारा. त्याला ओळीने चार झाडांना मिठी मारायला लावली. पहिल्या झाडाशी त्याला घाम फुटला, खोकला आला. दुसऱ्याशी गरगरलं, डोकं दुखलं. तिसऱ्याशी डोकं आणखी दुखू लागलं, आता झाड जवळ आलंय असं तो म्हणाला. चौथ्याशी हातपाय ताठले आणि तो बेशुद्ध पडला. खरं झाड तिथून 24 फूट लांब होतं आणि त्याने त्याला हातही लावला नव्हता. बागेतली सगळीच झाडं थोडीफार चुंबकित असतात, असं देलाँ म्हणाला. मग अशा मुलांना बागेत पाऊलच टाकता येणार नाही, असं समितीने लिहून टाकलं.

त्या दिवशी हाती आलं ते एवढंच: रोग्याला काय माहीत आहे ही एक गोष्ट, आणि त्याला प्रत्यक्ष काय दिलं ही दुसरी. दोन्ही सुट्या करता येतात. आजच्या अनेक औषधचाचण्यांत रोग्याला आणि डॉक्टरला कोणती गोळी खरी ते कळू देत नाहीत, त्याचं मूळ या बागेत आहे.

पंधराएक वर्षांनी इंग्लंडमधल्या बाथ गावी डॉक्टर जॉन हेगार्थने हीच युक्ती वापरली. अमेरिकेतल्या पर्किन्स नावाच्या डॉक्टरच्या, धातूच्या दोन टोकदार कांड्या तेव्हा पाच गिनींना विकल्या जात. त्या दुखऱ्या भागावरून ओढायच्या. हेगार्थने तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या रंगवून घेतल्या. जुन्या संधिवाताच्या पाच रोग्यांपैकी चौघांना लाकडानेही आराम पडला. दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या वापरल्या, गुण तेवढाच आला.

विसाव्या शतकातलं मोठं नाव हेन्री बीचर, अमेरिकेतला भूलतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर त्याने गंभीर जखमी सैनिकांना वेदनाशामक हवं का असं विचारलं, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश नको म्हणाले. जखम म्हणजे घरी जायचा परवाना होता, हे त्याचं स्पष्टीकरण. 1955 साली त्याने 15 अभ्यास आणि 1082 रोगी एकत्र करून सांगितलं की 35 टक्के लोकांना पोकळ गोळीने, म्हणजे प्लासिबोने, आराम पडतो. हा आकडा आजही भाषणांत फिरतो. तो चुकीचा आहे. कसलाच उपचार न घेतलेला गट शेजारी ठेवून त्याने तुलना केली नव्हती. गुडघा सर्वांत जास्त ठणकतो त्या दिवशी माणूस दवाखाना गाठतो, म्हणजे पुढच्या आठवड्यात तो आपसूकच थोडा कमी दुखणार. सर्दी, पाठदुखी, पाळीच्या तक्रारी यांचं तेच. या आपसूक उताराचं सगळं श्रेय बीचरने गोळीला दिलं. 2001 साली दोन डॅनिश संशोधकांनी, उपचार न घेतलेला गट असलेल्या 114 चाचण्या एकत्र तपासल्या. यंत्राने मोजता येणाऱ्या गोष्टींवर प्लासिबोचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. वेदनेवर दिसला, पण लहान.

लहान असला तरी तो भास नाही, हे अक्कलदाढेने दाखवलं. 1978 साली कॅलिफोर्नियात दाढ काढलेल्या रोग्यांना पोकळ औषध देऊन काहींच्या वेदना कमी झाल्या. मग नालोक्सोन दिलं, म्हणजे अफूजन्य औषधांचा परिणाम उतरवणारं औषध. वेदना परत वाढल्या. भरवशाने शरीर स्वतःचीच अफू सोडत होतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढे इटलीत पडद्याआडच्या पंपातून, रोग्याला न सांगता वेदनाशामक देऊन पाहिलं. तेवढ्याच डोसचा गुण कमी आला. हातगुण म्हणतात तो बहुधा या दोन डोसांमधला फरक.

मग होण्याचं काय? इथे भरवशापेक्षा ताणाचा पुरावा पक्का आहे. 1995 साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या 13 स्त्रिया आणि त्याच वयाच्या, तसा भार नसलेल्या 13 स्त्रिया निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर 3.5 मिलिमीटर रुंदीची जखम मुद्दाम केली. जखमेचे फोटो काढायचे आणि तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचं. फेस आला तर जखम अजून उघडी, फेस यायचा थांबला की ती भरली. बिनताणाच्या गटाला सरासरी 39.3 दिवस लागले, शुश्रूषा करणाऱ्यांना 48.7. तीन वर्षांनी दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूवर दोनदा जखम केली, एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेतली जखम भरायला सरासरी 40 टक्के जास्त वेळ लागला. कारण असं: जखम भरण्याची पहिली पायरी म्हणजे सूज. तिथे पेशींना बोलावणारे रेणू सोडले जातात, आणि ताणात वाढणारं कॉर्टिसोल नेमके तेच दाबतं. शस्त्रक्रियेआधी रोग्याची भीती कमी करणं, नंतर वेदना आटोक्यात ठेवणं आणि झोप मिळू देणं ही म्हणूनच निव्वळ मायेची कामं नाहीत.

एवढ्यावरून ‘मनाने कर्करोग बरा होतो’ इथपर्यंत उडी मारणारे पुष्कळ आहेत. 1989 साली स्तनाच्या कर्करोगाच्या 86 स्त्रियांच्या अभ्यासात आधारगटात, म्हणजे रोगी एकत्र बसून आजाराबद्दल बोलतात तिथे, बसणाऱ्या सरासरी 36.6 महिने जगल्या, न बसणाऱ्या 18.9 महिने. फार गाजावाजा झाला. 2001 साली कॅनडात 235 स्त्रियांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा आयुष्य वाढलं नाही. मन हलकं झालं, वेदना कमी वाटल्या. हे काही थोडं नाही, पण गाठीला त्याचा पत्ता नसतो. ‘सकारात्मक विचार ठेव’ असं रोग्याला रोज ऐकवलं की आजार बळावल्यावर दोष त्याच्याच पदरात पडतो.

वाटणं आणि होणं यांतली दरी सर्वांत उघडी पडली ती दम्यात. 2011 सालच्या अमेरिकी चाचणीत त्याच रोग्यांना आळीपाळीने खरा पंप, पोकळ पंप, खोटं ॲक्युपंक्चर आणि काहीच नाही असं दिलं. पहिल्या तिन्हींत बरं वाटण्याचं प्रमाण साधारण सारखंच होतं: 50, 45 आणि 46 टक्के. काहीच न देता 21. पण फुंकर यंत्राने मोजली, तेव्हा खऱ्या पंपाने ती 20 टक्क्यांनी सुधारली आणि बाकी तिन्हींत सुमारे 7 टक्क्यांनी. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून पंप बाजूला ठेवणारा दमेकरी धोक्यात असतो तो या तेरा टक्क्यांमुळे.

आपल्याकडे ‘सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही’ म्हणणाऱ्यांना ब जीवनसत्त्वाचं लालभडक इंजेक्शन देण्याची रीत जुनी आहे. गुण येतोही, पोकळ गोळीपेक्षा पोकळ सुईचा परिणाम थोडा जास्त, असं अर्धशिशीच्या चाचण्यांत दिसलं आहे. पण सुईबरोबर गळू येऊ शकतं आणि सुई पुन्हा वापरलेली असेल तर कावीळही. फसवायची गरज आहेच असंही नाही. 2010 साली बोस्टनमध्ये आतड्याच्या जुन्या तक्रारीच्या 80 जणांपैकी सुमारे अर्ध्यांना, ‘यात औषध नाही’ असं तोंडावर सांगून गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी गोळी घेणाऱ्यांपैकी 59 टक्क्यांना पुरेसा आराम होता, न घेणाऱ्यांपैकी 35 टक्क्यांना.

भरवसा उलटाही चालतो, त्याला नोसिबो म्हणतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी त्रास होतो म्हणून त्या सोडून दिलेले 60 जण लंडनमधल्या एका अभ्यासात होते, तो 2020 साली प्रसिद्ध झाला. वर्षभरासाठी प्रत्येकाला बारा बाटल्या: चारमध्ये स्टॅटिन, चारमध्ये पोकळ गोळ्या, चार रिकाम्या. रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी 8 आली, पोकळ गोळीच्या महिन्यांत 15.4, स्टॅटिनच्या महिन्यांत 16.3. त्रास खरा होता आणि त्यातला बहुतेक गोळी गिळण्यानेच येत होता. प्रत्येकाला त्याचेच आकडे दाखवले, तेव्हा निम्म्यांनी औषध पुन्हा सुरू केलं.