मोबाइलचे रेडिएशन आणि ब्राह्मीचा पुडा

आमच्या काष्ठौषधींच्या दुकानात हल्ली एक नवीनच मागणी येते. "समोरच्या गच्चीवर टॉवर लागलाय, मेंदूला जपणारं काहीतरी द्या." नाहीतर, "मुलगी दिवसभर मोबाइलवर असते, रेडिएशनवरचं चूर्ण आहे का?" ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा ही नावे व्हॉट्सॲपवरून पाठ करूनच मंडळी येतात. गर्दीच्या वेळी काउंटरवर एवढे बोलणे होत नाही, म्हणून हा कागद पुड्याबरोबर देत आहोत.

उत्तर आधीच सांगतो. रेडिएशन अडवणारी वनस्पती आमच्याकडे नाही. ब्राह्मी आहे, उत्तम आहे, पण तिचे काम वेगळे.

ही समजूत आली कुठून?

अगदीच हवेतून आलेली नाही. उंदरांना मोबाइलच्या लहरींत ठेवायचे, त्यातल्या काहींना वनस्पतीचा अर्क द्यायचा आणि मग मेंदूतल्या पेशींवरचा ताण मोजायचा, असे प्रयोग झाले आहेत. तुर्कस्तानातल्या संशोधकांनी २००४ मध्ये गिंको या चिनी झाडाचा अर्क असाच तपासला. अर्क मिळालेल्या उंदरांच्या मेंदूत ताणाच्या खुणा कमी दिसल्या. पण उंदराचे डोके केवढे, आपले केवढे! तिथून थेट 'माणसाच्या मेंदूला कवच' अशी जाहिरात करणे म्हणजे पेरणीच्या दिवशीच धान्य विकायला काढण्यासारखे आहे.

दुसरा आधार दिला जातो तो जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा. या संस्थेने मे २०११ मध्ये मोबाइलच्या लहरींना '२ ब' गटात टाकले. म्हणजे कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा तोकडा. फॉरवर्ड इथेच संपतो. पुढे त्याच संस्थेने गिंकोचा अर्क आणि कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच '२ ब' गटात घातला, हे कोणी लिहीत नाही. ज्याची भीती आणि जो त्यावरचा उपाय, दोघे एकाच बाकावर! (कोरफड आम्हीही विकतो, म्हणून सांगतो: आतला स्वच्छ गर वेगळा आणि सालीखालच्या पिवळ्या चिकासकट काढलेला अर्क वेगळा.)

जागतिक आरोग्य संघटनेच्याच सांगण्यावरून पुढे ६३ अभ्यास एकत्र तपासले गेले. २०२४ मध्ये आलेल्या त्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

मुळात एक्स-रे रेणू तोडतात, तशी ही किरणे तोडत नाहीत. जोर पुरेसा असेल तर ती शरीर थोडे तापवतात. म्हणून मर्यादा त्या उष्णतेवरून ठरते. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून फोनसाठी ती शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ वॅट आहे. स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश असे डायल केले की बहुतेक फोन स्वतःचा आकडा दाखवतात. चूर्ण पोटात जाते, लहर कानाशी असते. त्यांची गाठ कुठे पडणार? फोनमागच्या स्टिकरचे तर उलटेच. स्टिकरने खरेच लहर अडवली, तर टॉवर गाठायला फोन आणखी जोर लावील. मोबाइलचे रेडिएशन कमी करते म्हणून २०२० मध्ये गाजलेली शेणाची चिप आठवत असेल. तीही आम्ही ठेवत नाही, कृपया विचारू नये.

काळजी वाटतच असेल तर बिनपैशाचा उपाय अंतराचा. इअरफोन किंवा स्पीकरवर बोला. लिफ्टमध्ये, तळघरात, घाटात एकच दांडी दिसत असेल तर लांबलचक गप्पा नंतर मारा, कारण सिग्नल कमी तेव्हा फोनचा जोर जास्त.

मग ब्राह्मी कशासाठी?

आधी कोणती ब्राह्मी, ते ठरवा. या नावाने बाजारात दोन वनस्पती मिळतात. गोल, बेडकाच्या पायासारख्या पानांची ती मंडूकपर्णी. बारीक, मांसल पानांची, पाणथळ जागी पसरणारी ती नीरब्राह्मी. चरकसंहितेत बुद्धीसाठी सांगितलेल्या चार रसायनांत, म्हणजे बळ देणाऱ्या औषधांत, मंडूकपर्णीचा स्वरस आहे. बाकीची तीन म्हणजे ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. हल्लीच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या मात्र बहुतेक नीरब्राह्मीवर झाल्या आहेत. आमच्या पुड्यावर दोन्हींची नावे वेगवेगळी छापलेली असतात. दुसरीकडे घेतलीत तरी हे विचारून घ्या.

त्या चाचण्यांत रोज साधारण ३०० मिलिग्रॅम अर्क सुमारे १२ आठवडे दिला गेला आणि लक्षात ठेवण्याच्या काही कसोट्यांत माफक सुधारणा दिसली. तो प्रमाणित, म्हणजे आतले घटक ठरावीक प्रमाणात असलेला, अर्क होता, आमचे आहे ते वाळवून दळलेले चूर्ण. त्यामुळे तो आकडा चमच्यात मोजू नका, मात्रा वैद्यांकडूनच घ्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी नेऊन तर काहीच होणार नाही. उपाशीपोटी घेतली तर काहींना मळमळ होते, शौचाला जास्त वेळा जावे लागते.

शंखपुष्पीबाबत एक गोष्ट कृपया घरी सगळ्यांना सांगा. फिट्सच्या आजारावर फेनिटॉइन चालू असेल तर ती घेऊ नका. शंखपुष्पीच्या औषधाने फेनिटॉइनचे रक्तातले प्रमाण उतरते आणि आटोक्यातल्या फिट्स पुन्हा येऊ शकतात. मुंबईच्या डॉक्टरांनी १९९२ मध्येच हे मांडले आहे. अश्वगंधा गरोदरपणात नको, आणि थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील किंवा यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आमचीही एक चूक इथे कबूल करतो. एक काका टॉवरमुळे डोके दुखते म्हणून तीन महिने ब्राह्मी नेत होते. आम्ही बांधून देत राहिलो, काही विचारले नाही. शेवटी त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढलेला निघाला. तेव्हापासून सततची डोकेदुखी, चक्कर, विसराळूपणा सांगत कोणी आले की आधी डोळे आणि रक्तदाब तपासून या, असे आम्ही सांगतो. झोप येत नसेल तर फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवून आठवडाभर बघा. उशाशी असला की तो हातात येतोच.

रेडिएशनसाठी म्हणून आमच्याकडून ब्राह्मी आधीच नेली असेल आणि पुडा फोडला नसेल, तर परत आणा. पूर्ण पैसे देऊ. बिल हरवले असले तरी चालेल, पुड्यावर आमचा शिक्का हवा. दुपारी एक ते चार दुकान बंद असते.