तारेला न भेटता आत गेलेली हवा

भाच्याने गेल्या वर्षी जुनी फोर्ड एफ-१५० पिकअप घेतली. २०१६ची, पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाची. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या मंदिरात नेऊन रीतसर पूजा झाली, चाकाखाली लिंबू चिरडलं गेलं. महिनाभरात साहेबांनी ३५० डॉलर मोजून एक ‘कोल्ड एअर इनटेक’ मागवलं, म्हणजे इंजिनाला थंड हवा पुरवणारी नवी नळी आणि फिल्टर. खोक्यावर दोन वचनं होती: वीस अश्वशक्ती जास्त, आणि मायलेजही जास्त. मी म्हटलं, यापेक्षा लिंबू स्वस्त पडलं, आणि त्याने कुठला आकडा तरी सांगितला नव्हता.

“मामा, शनिवारी ये. तासाभराचं काम आहे.”

काम खरंच तासाभराचं होतं. सेन्सरचा प्लग काढायचा, नळीवरचे दोन क्लॅम्प ढिले करायचे, इंजिनाच्या पोटातले वायू हवेच्या नळीत आणणारा ब्रीदर पाईप सोडवायचा आणि फिल्टरचा काळा डबा दोन्ही हातांनी वर ओढायचा. रबरी बुचांतून तो ‘फट्’ करून सुटला. आत कागदी फिल्टर, त्याच्या घड्यांत सेंट्रल व्हॅलीतले मेलेले किडे. मी भाच्याला डब्याचं तोंड दाखवलं. ते पुढे जाळीकडे होतं, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब. म्हणजे कारखान्यातून आलेला हा डबादेखील ‘कोल्ड एअर इनटेक’च होता, त्यावर तसं छापलेलं नव्हतं इतकंच.

थंड हवेचं प्रकरण मात्र खोटं नाही. पेट्रोल जाळायला लागतो ऑक्सिजन, आणि त्याचा हिशेब लिटरमध्ये नाही, वजनात होतो: एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा. सिलिंडरमध्ये मावणारे लिटर ठरलेले असतात, पण थंड हवेच्या एका लिटरमध्ये रेणू जास्त असतात. हवा ४० अंशांवरून ६० अंशांवर गेली तर केल्व्हिनमध्ये ३१३चे ३३३ होतात आणि घनता सहा टक्के घटते. शक्तीतला फरक याहून कमी पडतो, कारण सिलिंडरपर्यंत पोचताना हवा तशीही तापते. दाबाचा हिशेब याहून किरकोळ आहे. समजा, जुन्या डब्यामुळे पूर्ण वेगात दोन किलोपास्कल दाब वाया जात होता आणि नव्या नळीने तो सगळा वाचवला. वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल, म्हणजे फायदा दोन टक्के. गाडी १७० मीटर खाली उतरवली तरी तेवढाच मिळेल. पाव सिंहगड!

मायलेजचं वचन तर पहिल्याच पायरीवर घसरतं. पेट्रोल इंजिनाची शक्ती आपण हवा अडवूनच कमी-जास्त करतो. हायवेवर निवांत चाललेल्या गाडीची थ्रॉटलची झडप बरीचशी मिटलेली असते. नळाची तोटी अर्धी बंद असताना टाकीपासूनचा पाईप जाड केला तर बादली लवकर भरेल का? अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९मध्ये हेच तपासलं. आधुनिक गाड्यांचे फिल्टर मुद्दाम चोंदवले तरी मायलेजवर लक्षणीय परिणाम झाला नाही, फक्त गाडी वेग घेताना रेंगाळली.

आता त्या सेन्सरकडे येतो, कारण या सगळ्या भानगडीत माझा जीव अडकलाय तो त्याच्यात. हवेच्या नळीत एक बोटभर प्लास्टिकची पट्टी खुपसलेली असते आणि तिच्या पोटात केसासारखी बारीक तापलेली तार. हवा किती चाललीय हे ती सांगते. कसं? बशीतल्या चहावर फुंकर मारली की तो निवतो, जोरात मारली की लवकर निवतो. तारेचंही तेच. इंजिनाने ओढलेली हवा तिला सतत निववत असते, आणि एक विद्युतमंडल जास्त प्रवाह सोडून तिला पुन्हा तापवत राहतं. प्लॅटिनम तापलं की त्याचा रोध वाढतो, म्हणून बारावीत शिकलेल्या व्हीटस्टन ब्रिजच्या एका बाजूला तार बसवली की ती निवल्याचं तत्काळ कळतं. शेजारी दुसरा घटक असतो, तो आत येणाऱ्या हवेचं तापमान बघतो. तार हवेपेक्षा नेहमी ठरावीक अंशांनी गरम ठेवायची, हा नियम.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लुई व्हेसॉट किंग यांनी १९१४मध्ये याचं गणित मांडलं. तारेतून जाणारी उष्णता म्हणजे एक स्थिर भाग, अधिक हवेच्या प्रवाहाच्या वर्गमुळाच्या पटीतला दुसरा भाग. हा प्रवाह म्हणजे घनता गुणिले वेग, म्हणजे थेट वस्तुमान! तारेला लिटर कळतच नाहीत, तिला आपटून जाणारे रेणू कळतात. आणि उष्णता ही विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या पटीत असते, म्हणून स्थिर भाग बाजूला ठेवला तर हवा सोळापट झाली की विद्युतप्रवाह फक्त दुप्पट होतो. त्यामुळे इंजिन आळसावून फिरत असतानाची चिमूटभर हवा आणि मिनिटाला ५७५० फेऱ्यांवरची सेकंदाला सुमारे २४० लिटर हवा, दोन्ही एकच तार मोजू शकते. मला हे इतकं देखणं वाटतं की त्या दिवशी मी सेन्सर हातात घेऊन दहा मिनिटं उभा होतो आणि भाचा मागे पान्हा घेऊन.

पण यात एक मेख आहे. तार नळीतल्या छोट्याशा भागातलाच प्रवाह चाखते. बाकीचा अंदाज कॉम्प्युटर एका तक्त्यावरून करतो, आणि तो तक्ता मूळ नळी मोजून बनवलेला असतो. समजा, ८० मिलिमीटरची नळी काढून ९०ची बसवली. क्षेत्रफळ २७ टक्के वाढलं, तेवढ्याच हवेचा वेग २१ टक्के घटला. तारेला वाटतं हवा कमी झाली, कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो. मग एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बोंब मारतो आणि पेट्रोल वाढवलं जातं, पण साधारण २५ टक्क्यांपर्यंतच. त्यापुढे ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा. गंमत अशी की पूर्ण थ्रॉटलला कारखाना मुद्दाम थोडं जास्त पेट्रोल देत असतो. तार चुकीचं सांगून ते कमी करते, तेव्हा थोडी शक्ती वाढतेही. काही किटांच्या आलेखातली वाढ अशी मोजमाप बिघडवून मिळालेली असते.

भाच्याच्या किटमध्ये नळीचा व्यास बरोबर होता, तरी दुसऱ्या दिवशी पिवळा दिवा लागला. दोषाचे कोड दोन: पी ०१७१ आणि पी ०१७४. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी हवा जास्त, पेट्रोल कमी. दोन्ही बाजू एकदम बिघडल्या म्हणजे दोष सामाईक वाटेवर. टॉर्च घेऊन पाहिलं तर ब्रीदर पाईप नव्या नळीत नुसता टेकवलेला होता, ‘क्लिक’ झालाच नव्हता. तिथून शिरलेली हवा तारेला न भेटताच इंजिनात जात होती. माझंच काम होतं ते. सेन्सर न्याहाळण्याच्या नादात राहून गेलं. भाचा काही बोलला नाही.

नंतर फोनवर नळीतल्या हवेचं तापमान पाहिलं. बाहेर ३८ अंश असताना हायवेवर नळीत ४२, पण सिग्नलला पाच मिनिटं थांबलो आणि ६०च्या पुढे. बाजूची पत्र्याची ढाल इंजिनाची धग पुरती अडवत नाही. बदलला तो आवाज. जुन्या नळीला एक बंद पोकळी होती, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकलं की घुमते तशी, फक्त इथे ती इंजिनाचा घुमणारा सूर गिळत असे. ती गेली आणि गाडी गुरगुरायला लागली. भाच्याला ती वीस अश्वशक्ती इथेच ऐकू येते.

कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळाचा मान्यता क्रमांक असलेलं स्टिकर त्याने बॉनेटखाली चिकटवलंय, नाहीतर गाडी स्मॉग तपासणीत, म्हणजे धुराच्या तपासणीत, नापास होते. जुना डबा गॅरेजमध्ये वरच्या फळीवर आहे. किडे झटकून ठेवलाय.