इंग्रजी संभाषणातील मानसिक अडसर

इंग्रजी वाचता, समजता आणि बऱ्याच अंशी लिहिताही येत असताना बोलायच्या वेळी विद्यापीठीय विद्यार्थ्याला जी भीती, संकोच वा स्तब्धता जाणवते, तिचा निर्देश या संज्ञेने करतात. ही अवस्था सर्वसाधारण बुजरेपणाहून वेगळी मानली जाते. मराठीत सभा गाजवणाराही इंग्रजीच्या तासाला मान खाली घालतो.

संकल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. आल्पर्ट व हेबर या मानसशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये चिंतेचे साहाय्यक (कामगिरी सुधारणारी) आणि बाधक (ती बिघडवणारी) असे भेद मांडले; मॅक्रॉस्की यांचे संभाषणभीतीवरील लेखन १९७० च्या सुमाराचे आहे. परभाषेच्या वर्गापुरती स्वतंत्र चिंता असते, हे मत मात्र सामान्यतः हॉर्विट्झ, हॉर्विट्झ व कोप यांच्या १९८६ मधील निबंधापासून धरतात. ही चिंता मोजण्यासाठी त्यांनी केलेल्या ३३ विधानांच्या मापनश्रेणीमागे संभाषणभीती, परीक्षाचिंता आणि प्रतिकूल मूल्यमापनाची भीती ही त्रयी होती. मॅकिन्टायर व गार्डनर यांच्या विश्लेषणात परीक्षाचिंता भाषेशी निगडित न ठरता सर्वसाधारण ठरली. स्पार्क्स व गॅन्शो यांनी १९९१ च्या सुमारास कार्यकारणच उलटे मांडले : मूळ दोष भाषिक संकेत (ध्वनी, अक्षरे, व्याकरण) हाताळण्याच्या क्षमतेत, आणि चिंता हा त्याचा परिणाम.

नागपुरातील अनुभव या शेवटच्या मताला फारसा अनुकूल दिसत नाही. येथील मराठी विद्यार्थी सीताबर्डीच्या बाजारात, ऑटोत, वसतिगृहात हिंदी सर्रास बोलतो; लिंग चुकले, ‘करून राहिलो’ची ढब हिंदीत उतरली, तरी कोणी टोकत नाही. तोच विद्यार्थी प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत अडतो. प्रयोग स्वतः केलेला, निष्कर्ष वहीत अचूक. बाह्य परीक्षकाने कारण विचारताच उत्तर आधी मराठीत जुळते, क्रियापदाच्या काळापाशी थबकते, आणि तेवढ्यात प्रश्न शेजारच्याकडे जातो. यावरून प्रतिकूल मूल्यमापनाची भीती हेच प्रधान कारण मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

१९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात आज नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे जिल्हे येतात. महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. तथापि शालेय परीक्षेचा भर लेखी उत्तरांवर राहिल्याने मराठी माध्यमातून आलेल्यांना बोलण्याचा सराव बहुधा महाविद्यालयातच प्रथम मिळतो.

उपायांमध्ये बोलण्यापूर्वी विचाराला अवधी देणे, वर्गासमोर उभे करण्याआधी जोडीने बोलू देणे आणि वाक्य पुरे होईपर्यंत चूक न दाखवणे यांचा समावेश होतो.