जो तास कुणालाच विकत घ्यायचा नव्हता

जानेवारी १९६६. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या नव्या अल्बमचं ध्वनिमुद्रण चालू होतं. त्याच दिवसांत एका रात्री बारानंतर तो डब्ल्यूबीएआय या रेडिओ स्टेशनवर जाऊन बसला, तोही गायला नाही, नुसता गप्पा मारायला. निवेदक बॉब फासने फोन उघडे ठेवले आणि शहरात ज्याला म्हणून झोप येत नव्हती, असा कुणीही थेट डिलनशी बोलू लागला. आदल्या जुलैत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिल्यापासून लोकगीतांचे जुने चाहते त्याच्यावर खार खाऊन होते. तो सरळ उत्तर फारसं कुणालाच देत नव्हता. थट्टा, टोलवाटोलवी, मधेच खुसखुस. जाहिरातीसाठी थांबायचं नव्हतं, कारण जाहिरातीच नव्हत्या.

गायकाने अपरात्री रेडिओवर येऊन दोन गाणी म्हणायची आणि मधल्या वेळात बोलत बसायचं, हा प्रकार आज आपण इतक्यांदा ऐकलेला असतो की तो पहिल्यापासून असाच असावा असं वाटतं. प्रत्यक्षात तो रिकाम्या पडलेल्या जागेत उगवला. ती जागा रिकामी का होती, हे आधी पाहायला हवं.

पहिलं कारण निसर्गाचं. दिवसा आयनावरणाचा, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो, त्यामुळे स्टेशन आपल्या पंचक्रोशीपुरतंच राहतं. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वरच्या थरावर आपटून लहरी शेकडो कोस दूर उतरतात. अमेरिकेत ५०,००० वॅटची काही स्टेशनं रात्री अर्ध्या देशाला ऐकू जात. मिनेसोटातल्या हिबिंग या खाणगावातला एक मुलगा रात्री उशिरा लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टचं स्टेशन लावून ब्लूज ऐकायचा. मधलं अंतर दीड हजार किलोमीटरहून जास्त. पुढे हाच मुलगा डिलन झाला. आपल्याकडे त्याच काळात, बुधवारी रात्री आठला, लघुलहरींवर कोलंबोहून येणारी बिनाका गीतमाला घरोघर कान लावून ऐकली जात होती. खरखरीतून चाळून आलेला आवाज आपल्या एकट्यासाठी आलाय असं वाटण्याची गंमत दोन्हीकडे सारखीच असणार.

दुसरं कारण पैशाचं. पन्नाशीच्या दशकात अमेरिकन रेडिओने ‘टॉप फोर्टी’ नावाची रीत पकडली. मोजकी लोकप्रिय गाणी, दिवसभर फिरूनफिरून तीच. ओमाहाच्या टॉड स्टॉर्झने ती रुळवली असं मानतात. मग १९५९-६० मध्ये ‘पेओला’चं प्रकरण फुटलं. रेकॉर्ड कंपन्या गाणं वाजवण्यासाठी निवेदकांना पैसे चारत होत्या. ॲलन फ्रीडसारख्या नावाजलेल्या निवेदकाची कारकीर्द त्यात संपली. मालकांनी शहाणपण असं केलं की गाणं निवडण्याचा हक्कच निवेदकाच्या हातून काढून घेतला. एखाद्याला एखादं गाणं मनापासून आवडलं म्हणून त्याने ते वाजवावं, ही साधी गोष्ट दिवसाउजेडी जवळपास अशक्य झाली.

रात्री मात्र कुणी पाहायला नव्हतं. साबणवाल्यांना झोपलेल्या गिऱ्हाइकांत रस नव्हता, म्हणून बारानंतरच्या तासाला भाव नव्हता. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर स्टेशनवरचा जीन शेफर्ड १९५६ मध्ये रात्रभर एकटाच बोलत बसायचा. त्याने श्रोत्यांना सांगितलं, उद्या पुस्तकांच्या दुकानात जा आणि अमुक पुस्तक मागा. ते पुस्तक अस्तित्वातच नव्हतं. मागणी इतकी झाली की दुकानदार चक्रावले आणि शेवटी त्याच वर्षी एका प्रकाशकाने त्या नावाचं पुस्तक खरोखरच लिहवून घेऊन छापलं! रात्री जागणाऱ्यांची एक मूक बिरादरी असते आणि तिला हाक मारली तर ती उठून येते, हे त्यातून कळलं.

डब्ल्यूबीएआयची गोष्ट याहून विक्षिप्त. दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार देणाऱ्या लुइस हिल या शांततावाद्याने पॅसिफिका फाउंडेशन स्थापन केलं आणि १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारं स्टेशन काढलं. तिकडे न्यूयॉर्कमध्ये लुई श्वाइत्झर या सिगरेटच्या कागदाच्या कारखानदाराने हौसेने एक एफएम स्टेशन घेतलं होतं. वर्तमानपत्रांचा संप झाला तेव्हा जाहिराती रेडिओकडे धावल्या, स्टेशन कमावू लागलं, आणि हे गृहस्थ खट्टू झाले. यासाठी का आपण स्टेशन घेतलं होतं? १९६० मध्ये त्यांनी ते पॅसिफिकाला देऊन टाकलं. नफा झाला म्हणून धंदा दान करणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

बॉब फास हा मुळात नट, ब्रुकलिनचा. या स्टेशनवर निवेदकाच्या कामाला लागला. मध्यरात्रीनंतर प्रक्षेपण बंद व्हायचं. तो वेळ मला द्या, असं त्याने मागितलं. १९६३ मध्ये ‘रेडिओ अननेमेबल’ सुरू झाला. नावच ‘ज्याला नाव देता येत नाही’ असं, सॅम्युअल बेकेटच्या कादंबरीवरून घेतलेलं. श्रोत्यांना तो कटवाल्यांची टोळी समजून ‘गुड मॉर्निंग, कबाल’ म्हणायचा. आवाज खोल, सावकाश. दोन रेकॉर्ड एकमेकींवर चढवायचा, एका वेळी अनेक फोन जोडून अनोळखी माणसांना आपापसांत बोलू द्यायचा. फेब्रुवारी १९६७ मध्ये त्याने रेडिओवरून आमंत्रण दिलं की अमुक रात्री बाराला केनेडी विमानतळावर जमू या, नुसतं भेटायला. काही हजार लोक गेले.

गायकांना या तासाची गरज का पडली, याचं उत्तर त्यांच्या गाण्यांतच आहे. आपल्याकडे गीतकार, संगीतकार आणि गायक ही तीन निराळी खाती. तिन्ही एकट्याच्या अंगावर घेणारा म्हणजे शाहीर, आणि शाहिराला प्रसंग सांगितल्याशिवाय कवन म्हणता येत नाही. साठच्या दशकातल्या गिटारवाल्यांचं तसंच होतं. बोलणं आणि गाणं यांत शिवण दिसायची नाही. आर्लो गथ्री हा लोकगायक वुडी गथ्रीचा मुलगा. १९६५ च्या थँक्सगिव्हिंगला मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिज गावात भलत्या जागी कचरा टाकल्याबद्दल त्याला अटक झाली होती. त्यावरून त्याने अठरा मिनिटांचं गाणं रचलं, ज्यात गाणं थोडं आणि हकिगतच जास्त. तीन मिनिटांच्या चौकटीत ते कुठे बसणार? १९६७ मध्ये एका रात्री त्याने ते फासच्या स्टुडिओत म्हटलं, टेप झाली आणि लोक पुन्हापुन्हा मागू लागले. स्टेशनने मग नेम केला की आधी भरपूर देणगीचा शब्द मिळाला तरच गाणं लागेल. फासने कधीकधी याच्या उलटही केलं. गाणं लावायचं आणि थांबवण्यासाठी पैसे मागायचे. आपल्या कुठल्या मंडळाला वर्गणीची ही युक्ती सुचली नाही, हे बरंच झालं.

जेरी जेफ वॉकरचंही असंच. न्यू ऑर्लीन्सच्या कोठडीत भेटलेल्या एका म्हाताऱ्या रस्त्यावरच्या नर्तकावर त्याने ‘मिस्टर बोजँगल्स’ हे गाणं केलं होतं. गिटारवादक डेव्हिड ब्रॉमबर्गला घेऊन तो फासकडे गेला, रात्री उशिरा गायला, आणि फास ती टेप वाजवतच राहिला. रेकॉर्ड निघाली १९६८ मध्ये. म्हणजे बाजारात नसलेल्या गाण्याची मागणी आधी तयार झाली.

आता गप्पांबद्दल. अपरात्री माणूस खरं बोलतो, असा एक भाबडा समज आहे. त्यावर उतारा म्हणून याच स्टेशनवरचा १९६२ मधला कार्यक्रम ऐकावा. सिंथिया गुडिंग ही स्वतः लोकगायिका. समोर वीस वर्षांचा डिलन, पहिली रेकॉर्ड निघायच्या बेतात. तो एकामागून एक गाणी म्हणतो, आणि मधल्या वेळात सांगतो की तेराव्या वर्षापासून आपण सहा वर्षं फिरत्या जत्रेबरोबर होतो. सगळी थाप. तो हिबिंगच्या दुकानदाराचा मुलगा, शाळेत जात होता. गंमत म्हणजे गुडिंगने सुरुवातीलाच सांगून टाकलंय की तिने याला मिनियापोलिसमध्ये पाहिलं होतं, तेव्हा याला रॉक अँड रोल गायचं होतं. तरी ती जत्रेबद्दल कौतुकाने विचारत राहते. ती फसली की तिने साथ दिली? मला दुसरं वाटतं. गाणं रचणारा स्वतःलाही रचत असतो, आणि ती त्याच धंद्यातली होती.

ब्रिटनमध्ये वाट वेगळी होती. तिथे संगीतकारांची संघटना आणि रेकॉर्ड कंपन्या यांच्याशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला दिवसाकाठी ठरावीक तासच रेकॉर्ड वाजवता येत. याला ‘नीडल टाइम’ म्हणत. उरलेला वेळ भरायला माणसं स्टुडिओत आणून वाजवून घ्यावी लागत. जॉन पील आधी समुद्रात नांगरलेल्या जहाजावरच्या बिनपरवाना रेडिओवर मध्यरात्री बोलायचा. ते १९६७ च्या ऑगस्टमध्ये बंद पडलं आणि सप्टेंबरअखेर बीबीसीचं रेडिओ वन निघालं, तिथे तो आला. निक ड्रेक हा अतिशय बुजरा गायक, तीन अल्बम करून २६ व्या वर्षी गेला. १९६९ मध्ये त्याने पीलच्या रात्रीच्या कार्यक्रमासाठी गाणी म्हटली. १९८३ मध्ये पील रेडिओवर सहज बोलून गेला की आत्ता मश्रूम बिर्याणी मिळाली तर बहार येईल. बिली ब्रॅग नावाचा अनोळखी गायक बिर्याणी आणि आपली रेकॉर्ड घेऊन बीबीसीच्या दारात हजर. पीलने रेकॉर्ड लावली, पण चुकीच्या गतीवर. ब्रॅगचं नाव तरीही झालं.

रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. अमेरिकन सरकारने मोठ्या शहरांत एकच कार्यक्रम एएम (म्हणजे मध्यम लहरी) आणि एफएम दोन्हींवर लावण्यावर मर्यादा आणली, तेव्हा एफएमवर अचानक तासच्या तास मोकळे झाले. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत टॉम डोनाह्यूने केएमपीएक्सवर लांबलचक गाणी वाजवायला सुरुवात केली. श्रोते आले, त्यांच्यामागून जाहिरातदार आले, आणि सत्तरीच्या दशकात तिथेही याद्या ठरू लागल्या. फासच्या स्टेशनवर जाहिराती आल्या नाहीत, पण भांडणं आली. १९७७ मध्ये कर्मचाऱ्यांनी स्टेशन ताब्यात घेतलं, त्यात फास होता, आणि त्याला काही वर्षं दार बंद झालं. पुढे तो परतला. २०२१ मध्ये तो ८७ व्या वर्षी वारला.

डिलन २००६ मध्ये एक्सएम या उपग्रह रेडिओवर स्वतःच निवेदक झाला. शंभर भाग केले. सुरुवातीला एक बाई घोगऱ्या आवाजात सांगते की मोठ्या शहरात रात्र झाली आहे. डिलन मग ॲबरनथी बिल्डिंगमधल्या स्टुडिओ बी मधून बोलतो, श्रोत्यांची पत्रं वाचतो, फोन घेतो. अशी बिल्डिंग नव्हती. पत्रं आणि फोनही बहुतेक लिहून घेतलेले. कार्यक्रम लागायचा दर बुधवारी, सकाळी दहाला.